ट्रान्सफॉर्मरची पहिली उसळी आणि तिचा बंदोबस्त

मीना नदीच्या काठी, नारायणगावापासून फारशा दूर नसलेल्या आमच्या गावी, गेल्या खेपेच्या हरिनाम सप्ताहात असा प्रकार घडू लागला की, सायंकाळी हरिपाठ सुरू होण्यापूर्वी कोणी ध्वनिवर्धकाची कळ दाबावी आणि तत्क्षणी मंदिराच्या खांबावरील पेटीतून 'खट्' असा आवाज येऊन सभामंडप, गाभारा आणि बाहेरच्या दीपमाळेवरील दिव्यांच्या माळा ही सर्व एकदमच अंधारात जावीत. मग कोणीतरी मोबाइलच्या उजेडात स्टुलावर चढे, एमसीबीची दांडी वर करी, कळ पुन्हा दाबली जाई आणि पुन्हा अंधार होई. तिसऱ्या वा चौथ्या खेपेस मात्र तेच यंत्र, कोणी काहीही दुरुस्त केलेले नसताना, निमूटपणे सुरू होई आणि रात्री कीर्तन संपेपर्यंत तक्रारीस यत्किंचितही जागा ठेवीत नसे. मंडळातील तरुणांनी यंत्रात दोष असल्याचे ठरवून ते परत पाठवण्याचा मनसुबा केला होता. एका हौशी गृहस्थांनी ६ अँपिअरचा एमसीबी काढून तेथे ३२ अँपिअरचा बसवण्याचे घाटले होते. आणि विणेकरी बाबांनी 'पांडुरंगाच्या मनात आले म्हणजे लागतो' एवढ्यावर हा विषय मिटवला होता. आयुष्याची पुष्कळ वर्षे रेडिओ, स्टॅबिलायझर आणि तत्सम यंत्रे उघडण्यात घालवलेला मनुष्य म्हणून माझे मत विचारले गेले, तेव्हा मला प्रामाणिकपणे सांगावे लागले की, या तिघांत सत्याच्या सर्वांत जवळ बाबाच आहेत. कारण ध्वनिवर्धकाच्या पोटातील ट्रान्सफॉर्मर सुरू होताना किती प्रवाह ओढील, हे खरोखरच कळ दाबण्याच्या क्षणावर, म्हणजे जवळजवळ दैवावर, अवलंबून असते.

हे दैव कसे चालते, ते समजण्यासाठी आपल्या शेतावरील हौद डोळ्यांपुढे आणावा. समजा, एक पंप ठरावीक मुदत हौद भरतो आणि तेवढीच मुदत तो उपसतो. हौद बांधणाऱ्या गवंड्याने तो बरोबर एका पाळीच्या पाण्यापुरताच बांधला आहे, त्यामुळे पाणी तळापासून काठापर्यंत चढते आणि काठापासून तळापर्यंत उतरते, आणि वर्षानुवर्षे एक थेंबही सांडत नाही. ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी गाभ्यातील चुंबकत्व याच रीतीने चढते आणि उतरते: आपल्या घरातील २३० व्होल्टचा दाब सेकंदास ५० आवर्तने करतो, त्यातील प्रत्येक अर्ध्या आवर्तनास १० मिलिसेकंद लागतात, आणि तेवढ्या काळात गाभा एका दिशेच्या पूर्ण चुंबकत्वापासून दुसऱ्या दिशेच्या पूर्ण चुंबकत्वापर्यंत जातो. परंतु यंत्र प्रथम सुरू करण्याच्या वेळी हा हौद तळाशी नसतो, तो निम्मा भरलेला असतो. आणि तुमचे बोट नेमके भरण्याची पाळी सुरू होण्याच्या क्षणी, म्हणजे दाब शून्यातून वर निघत असताना, कळीवर पडले, तर निम्म्यावर उभ्या असलेल्या पाण्यात आणखी संपूर्ण हौदभर पाणी ओतले जाते आणि ते काठावरून सांडल्यावाचून राहत नाही. याउलट बोट पाळीच्या मध्यावर, म्हणजे दाब अत्युच्च बिंदूवर असताना पडले, तर भरण्याचा निम्माच काळ शिल्लक उरलेला असतो, पाणी बरोबर काठाशी येऊन थांबते आणि कोणास काहीही कळत नाही. हरिपाठाच्या वेळी तिसऱ्या खेपेस जे घडत असे, ते हेच.

सांडलेले पाणी म्हणजे काय, एवढेच आता पाहावयाचे राहिले. लोखंड चुंबकत्वाने संपृक्त झाले की वाइंडिंगचा प्रवाहास अडवण्याचा गुण जवळजवळ नाहीसा होतो, आणि ज्यास आपण ट्रान्सफॉर्मर म्हणत होतो, तो क्षणभर तांब्याच्या तारेचे एक भेंडोळे होऊन बसतो. त्या तारेचा रोध एखाददुसरा ओहम असला, तर प्रवाह त्याच्या नित्याच्या मापाच्या दहा-पंधरा पटीस सहज पोचतो. लहान ट्रान्सफॉर्मरमध्ये ही उसळी दहा-पाच आवर्तनांत ओसरते, मोठ्यांत ती काही सेकंदही रेंगाळते. तिच्यात आणखी भर घालणारी गोष्ट म्हणजे अवशिष्ट चुंबकत्व: मागच्या वेळी यंत्र ज्या क्षणी बंद पडले, त्या क्षणीचा काही अंश गाभा जपून ठेवतो, आणि तो नव्या पाळीच्या दिशेचा निघाला, तर हौद निम्म्याहून अधिक भरलेल्या अवस्थेत आपल्या हाती येतो. या बाबतीत गोल कड्यासारख्या गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर, ज्यास बाजारात टोरॉइड म्हणतात आणि जो वजनास हलका व गुणगुण न करणारा म्हणून चांगल्या ध्वनिवर्धकांत वापरतात, तो विशेष खोडकर. इंग्रजी ई आणि आय अक्षरांच्या आकाराच्या पट्ट्या रचून केलेल्या जुन्या गाभ्यात सांध्यासांध्यांतून बारीक फटी राहतात आणि त्या अवशिष्ट चुंबकत्व टिकू देत नाहीत, टोरॉइडमध्ये मात्र अशी फटच नसते. आमच्या मंदिरातील यंत्र उघडले, तेव्हा आत १००० व्हीएचा असा टोरॉइडच निघाला. त्याचा पूर्ण भाराचा प्रवाह सव्वाचार अँपिअरच्या आसपास, म्हणजे ६ अँपिअरच्या एमसीबीस तो खुशाल पेलावा. परंतु पहिल्या क्षणीची उसळी शंभर अँपिअरकडे धावणारी, आणि घरगुती पेट्यांत सामान्यतः असणारा सी जातीचा एमसीबी आपल्या मापाच्या पाच ते दहा पट प्रवाहास तत्काळ पडावा, असाच घडवलेला. ३० ते ६० अँपिअरच्या दरम्यान जो पडणारच, तो शंभराला पडला यात त्याचा कसूर कोणता?

जुन्नर आणि आंबेगाव या आपल्या दोन तालुक्यांचा म्हणून या प्रकरणी एक विशेष तपशील आहे. लाइनच्या शेवटच्या टोकास असलेल्या वस्तीवर दिवसा शेतपंप चालू असताना दाब १८० व्होल्टपर्यंत उतरतो आणि पंप बंद झाले की तोच २५० च्या वर चढतो. आणि गाभ्यातील चुंबकत्व दाबाच्या प्रमाणात वाढत असल्याने, लोखंडात काटकसर करून बांधलेला स्वस्त ट्रान्सफॉर्मर चढत्या दाबावर आधीच काठोकाठ भरून चालत असतो. दुपारी बिनतक्रार लागणारे यंत्र सायंकाळी पंप थांबल्यावर एमसीबी पाडते, त्याचे कारण हेच. आणि 'दुपारी तर लागला होता' हा पुरावा यंत्राच्या निर्दोषत्वाचा म्हणून मांडला जातो, तो या प्रकरणी ग्राह्य धरता येत नाही.

आता इलाजांकडे वळू, आणि प्रथम जे करू नये ते सांगू. एमसीबी मोठा बसवणे, किंवा जुन्या किटकॅटमध्ये तार दुहेरी करणे, हा आपल्याकडील सर्वांत प्रचलित आणि सर्वांत घातक शिरस्ता होय. एमसीबी हा यंत्राचा पहारेकरी नसून भिंतीतील तारेचा पहारेकरी आहे. दीड एमएमच्या तारेवर ३२ अँपिअरचा पहारा बसवणे म्हणजे आग लागेपर्यंत पहारेकऱ्यास झोपण्याची सनद देणे. कित्येक जण यंत्राचा आवाज शून्यावर आणून मग कळ दाबतात. त्याने काहीच साधत नाही, कारण ही उसळी भाराची नव्हे, गाभ्याची आहे, आणि कर्णे सर्वस्वी काढून ठेवले तरी ती तशीच येते. मूळ मापाचाच परंतु डी जातीचा एमसीबी, जो दहा ते वीस पटीपर्यंत धीर धरतो, तो बसवणे शास्त्रशुद्ध आहे आणि कारखान्यांत त्याचीच प्रथा आहे. तथापि गावाकडे मी तो पहिला उपाय म्हणून सुचवीत नाही, कारण लाइन लांब आणि अर्थिंग कोरडे असल्यास खरेच शॉर्ट झाले तरी तेवढा प्रवाह वाहीलच याची शाश्वती नसते, आणि मग तोच धीर अनर्थास कारण होतो.

दुसरा सुटसुटीत उपाय थर्मिस्टरचा. एनटीसी नावाने मिळणारी ही काळी वा हिरवी चकती थंड असताना दहा-वीस ओहमांचा रोध दाखवते आणि प्रवाहाने तापली की एका ओहमाच्या खाली येते. ती ट्रान्सफॉर्मरच्या आधी फेजच्या तारेत जोडली की पहिली उसळी ती स्वतःच्या अंगावर घेते आणि मग बाजूस होते. शहरातील एखाद्या कचेरीत, जेथे यंत्र सकाळी लावले आणि संध्याकाळी बंद केले, तेथे याहून अधिक काही लागत नाही. परंतु आपल्याकडे लाइट जाते ती अशी शिस्तीने जात नाही; ती क्षणात जाते, क्षणात येते, पावसाळ्याच्या आरंभी तर पाच मिनिटांत चार वेळा हजेरी लावून जाते, आणि थर्मिस्टर थंड होण्यास एक-दोन मिनिटे तरी लागतात. लाइट परत येते, तेव्हा चकती अजून तापलेलीच असते, म्हणजे द्वारपाल दार उघडे टाकून बसलेला असतो, आणि नेमकी त्याच वेळी उसळी आत येते. जुन्नर-आंबेगावात थर्मिस्टर एकट्याच्या भरवशावर बसवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि या लेखातील एवढी एकच गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवली तरी चालेल: जो उपाय लाइट गेल्याच्या दुसऱ्याच क्षणी पुन्हा सज्ज होत नाही, तो येथील उपाय नव्हे.

असा सज्ज होणारा उपाय म्हणजे रेझिस्टर आणि रिले यांची जोडी, जिला दुकानदार सॉफ्ट स्टार्ट म्हणतात. तिची रचना अशी की, फेजच्या तारेत ट्रान्सफॉर्मरच्या आधी एक रेझिस्टर येतो. कळ दाबल्यावर सुमारे पाव ते अर्धा सेकंद सर्व प्रवाह त्यातूनच जातो. आणि ती मुदत संपली की रिलेचा संपर्क मिटून रेझिस्टरला बगल दिली जाते, मग यंत्र जणू मध्ये काहीच नाही अशा रीतीने चालते. मंदिरातील यंत्रासाठी मी १०० ओहमचे, १० वॅटचे, चिनी मातीच्या पांढऱ्या चौकोनी वेष्टनातील तीन वायरवाउंड रेझिस्टर समांतर जोडले, त्यांचा एकत्रित रोध ३३ ओहम होतो. २३० व्होल्टच्या पुरवठ्याचा शिखरदाब ३२५ व्होल्टच्या आसपास असतो. त्यास ३३ ने भागले की उत्तर १० अँपिअरच्याही आत येते, म्हणजे या दाबावर परिस्थिती कितीही प्रतिकूल असली तरी याहून अधिक प्रवाह वाहणे शक्य नाही, आणि ६ अँपिअरचा सी जातीचा एमसीबी एवढ्याशा धक्क्याने जागचा हलत नाही. यंत्र ५०० व्हीएचे असेल तर ४७ ते ६८ ओहम, आणि ५ केव्हीएचा घरगुती स्टॅबिलायझर असेल तर १० ओहम, त्याच मानाने अधिक वॅटचे, असे माप धरावे. काटेकोर हिशेबाची येथे गरज नाही, शिखरप्रवाह पूर्ण भाराच्या दोनतीन पटीत राहिला म्हणजे झाले.

परंतु खरी मेख रेझिस्टरच्या मापात नसून त्याच्या भोवतालच्या तजविजीत आहे. रिलेचा संपर्क किमान ३० अँपिअरचा घ्यावा आणि त्याच्या कॉइलला लागणारे १२ व्होल्ट ज्या ट्रान्सफॉर्मरचे आपण रक्षण करीत आहोत त्याच्याच दुय्यम वाइंडिंगवरून न घेता, कळीच्या पुढे जोडलेल्या स्वतंत्र लहानशा पुरवठ्यावरून घ्यावे. एरवी भार जड असल्यास रेझिस्टरमुळे दुय्यम दाबच पुरेसा उठत नाही, रिले ओढत नाही, आणि रिले ओढत नाही म्हणून दाब उठत नाही, असे चक्र सुरू होते. या लहान पुरवठ्यातील फिल्टरचा कपॅसिटर मुद्दाम लहान ठेवावा, आणि मुदत मोजणाऱ्या कपॅसिटरला उलट दिशेने एक डायोड जोडून लाइट जाताच तो रिकामा होईल अशी वाट करून द्यावी. याकडे दुर्लक्ष झाले, तर लाइट अर्धा सेकंद जाऊन आली असता रिले साठवलेल्या विजेवर तसाच मिटून राहतो, आणि आपण थर्मिस्टरला जो दोष दिला तोच येथेही आडवाटेने येऊन उभा राहतो. बाजारात तयार मिळणाऱ्या सॉफ्ट स्टार्टच्या पट्ट्यांपैकी काहींत मी ही उणीव प्रत्यक्ष पाहिली आहे. शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे थर्मल फ्यूज. काही कारणाने रिले मिटलाच नाही आणि यंत्र रेझिस्टरमधूनच दोन अँपिअर ओढीत राहिले, तर त्या ३० वॅटच्या जुडग्यात १३० वॅट उष्णता साचू लागते, आणि लाकडी पेटीत अशी उष्णता साचणे म्हणजे काय, हे सांगण्याची आवश्यकता नाही. म्हणून रेझिस्टरच्या अंगास घट्ट टेकवून, त्याच्याच मालिकेत, सुमारे १३० अंशांवर तुटणारा थर्मल फ्यूज असलाच पाहिजे. त्याची किंमत चहाच्या दोनतीन कपांइतकी असते आणि पुण्यास बुधवार पेठेत, तापकीर गल्लीच्या परिसरात, बाकीच्या सामानाबरोबर तोही मिळून जातो. त्यास सोल्डर करताना त्याची तार चिमट्याने धरावी, नाहीतर सोल्डरच्या उष्णतेनेच तो कामास येण्यापूर्वी कामास येतो.

येथे दोन गैरसमज जाता जाता दूर करतो. सॉलिड स्टेट रिले नावाची जी चकचकीत वस्तू मिळते, तीत 'शून्यावर चालू होणारा' हा गुण मोठ्या अक्षरांत जाहीर केलेला असतो, आणि तो गिझरसाठी खरोखरच गुण आहे. ट्रान्सफॉर्मरसाठी मात्र तो दुर्गुणांचा राजा होय, कारण वर पाहिल्याप्रमाणे दाबाचे शून्य हाच उसळीचा मुहूर्त, आणि ही वस्तू प्रत्येक वेळी नेमका तोच मुहूर्त साधते. दुसरे, आपले जुने वायरमन ज्यास सिरीज बोर्ड म्हणतात, त्यातील शंभर वॅटचा पिवळा बल्ब मालिकेत जोडून संशयित यंत्र तपासण्याची रीत उत्तम आहे आणि ती सोडू नये. बल्ब क्षणभर भपकन पेटून मंद झाला तर यंत्र निरोगी, तसाच लखलखत राहिला तर आत शॉर्ट, इतका सरळ निवाडा दुसरे कोणतेही उपकरण देत नाही. पण त्या बल्बास कायमचा जोडून ठेवू नये, त्याचा स्वभाव थर्मिस्टरच्या नेमका उलट, थंड असता रोध थोडा आणि तापला की फार.

स्टॅबिलायझरच्या बाबतीत आणखी एक खुलासा. त्यावर 'टाइम डिले' म्हणून जी सोय असते, ती बाहेर पडणारा दाब काही मिनिटे रोखून फ्रिजच्या कॉम्प्रेसरला विसावा देते. आत येणाऱ्या दाबाचा आणि तेथील उसळीचा तिच्याशी काडीइतका संबंध नसतो. म्हणून लाइट येताच घरचा एमसीबी पडत असेल, तर 'आमच्यात डिले आहे' या विक्रेत्याच्या कैफियतीवर विसंबू नये.

जे एका यंत्रात घडते, तेच गावाच्या डीपीत आणि सबस्टेशनात मोठ्या प्रमाणावर घडते. फीडर परत सुरू झाला की त्यावरील सर्व डीपी एकाच क्षणी आपापली पहिली उसळी मागतात, आणि मोठ्या ट्रान्सफॉर्मरवरील संरक्षक रिलेने हिला बिघाड समजू नये म्हणून अभियंत्यांनी एक नामी खूण शोधून ठेवली आहे: या उसळीत मूळ ५० च्या दुप्पट, म्हणजे १०० आवर्तनांचा अंश विपुल असतो आणि खऱ्या शॉर्टमध्ये तो नसतो. त्यातच शेतपंपांना ऑटोस्विच लावलेले असले, म्हणजे लाइट येताच मोटारीही एकदम उठतात, आणि मोटारीचा सुरुवातीचा प्रवाह सहापटीच्या घरात असून तो आवर्तनांत नव्हे, सेकंदांत मोजावा लागतो. ऑटोस्विच वापरू नका, असे महावितरण वारंवार सांगते, आणि तांत्रिक दृष्टीने ते सर्वस्वी बरोबर आहे. परंतु ज्या शिवारात बिबट्याचा वावर नित्याचा, ज्या तालुक्यात माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र उभारावे लागले, तेथील शेतकऱ्याने मध्यरात्री उसातून वाट काढीत विहिरीवर जाऊन हाताने स्टार्टर दाबावा, असे म्हणण्यास माझी जीभ रेटत नाही. एका डीपीवरील शेतकऱ्यांनी आपसात ठरवून ऑटोस्विचला टायमर लावावेत, एकाचा अर्ध्या मिनिटाचा, दुसऱ्याचा एका मिनिटाचा, तिसऱ्याचा दीड मिनिटाचा, आणि मोटारींना योग्य मापाचे कपॅसिटर बसवावेत. डीपीचा फ्यूज यानेच पुष्कळ अंशी वाचतो.

नारायणगाव परिसरातील वाचकांस एक अधिक विनंती. रिलेचा संपर्क उघडताना त्याच्या टोकांत बारीकशी ठिणगी उडते, आणि प्रत्येक ठिणगी ही एक अनाहूत रेडिओ प्रक्षेपक असते. आपल्या शेजारी खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या घेऊन जी दुर्बीण आकाशातील अतिक्षीण रेडिओलहरी ऐकत बसली आहे, ती येथे येण्याचे एक कारणच हे की, या भागात मानवनिर्मित रेडिओ-गोंगाट कमी होता. तेव्हा संपर्काच्या दोन टोकांना १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड यांची जोडी, कपॅसिटर एक्स-२ जातीचा पाहून, लावावी. संपर्क दीर्घायुषी होतो आणि शेजारधर्मही राहतो.

हे काम २३० व्होल्टच्या तारेवरील आहे, म्हणून ते परवानाधारक वायरमनच्या देखरेखीखाली, पिन सॉकेटमधून काढून, आणि ध्वनिवर्धकातील मोठे कपॅसिटर रिकामे झाल्याची मीटरने खात्री करूनच करावे. टेस्टरचा दिवा लागला नाही एवढ्यावर हात घालू नये. काम झाल्यावर परीक्षा अशी घ्यावी: यंत्र चालू करावे, बंद करावे, एक सेकंद मोजून पुन्हा चालू करावे, आणि अर्ध्या अर्ध्या मिनिटाच्या अंतराने असे पाचसहा वेळा, शक्यतो सायंकाळी पंप थांबल्यावरच्या चढत्या दाबावर, करून पाहावे. एमसीबी एकदाही पडला नाही, तर मुदत व माप दोन्ही जमले.

आमच्या मंदिरात सॉफ्ट स्टार्टची ही पेटी बसवून झाली, त्या सायंकाळी विणेकरी बाबांना मी एवढेच शिकवले की, कळ दाबल्यावर दोन आवाज ऐकावयाचे. पहिला कळीचा, आणि त्यापाठोपाठ डोळ्यांची उघडझाप व्हावी इतक्या अंतराने पेटीतला बारीक 'टक्'. दुसरा ऐकू आला नाही, तर रिले मिटलेला नाही असे समजून यंत्र तत्काळ बंद करावयाचे आणि मला निरोप धाडावयाचा. ते आता टाळ उचलण्यापूर्वी मान तिरपी करून पेटीकडे कान देतात, आणि पोरे दंगा करीत असली तर त्यांना हाताने गप्प करतात.